ट्रेच्या कडेला दोन बोटं

कुठल्या नोकरीत होता, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचं जेवण झालंय का ते बघतो. माझं उत्तर भरल्या पोटी ऐकण्यासारखं नसतं. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो, आधी परिचर आणि मग सहायक. प्राध्यापक ज्या प्राण्यावर शिकवणार तो आणायचा, क्लोरोफॉर्मच्या बरणीत घालून मारायचा, धुवायचा आणि मेण ओतलेल्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवायचा, हे माझं काम. मग पोरं तो उघडून बघायची, हृदय कुठं, नस कुठून जाते, मेंदू केवढा. याला विच्छेदन म्हणतात. आता ते अभ्यासक्रमातून जवळजवळ गेलंच आहे. गेलं ते बरंच झालं, असं मी म्हणतो, पण म्हणताना हातांना चुकल्यासारखं वाटतं.

बेडूक, गांडुळं, झुरळं, मासे, पांढरे उंदीर. एकदा पेठ वडगावाहून एस.टी.नं बेडकांचं पोतं घेऊन येत होतो. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, पोत्यात काय हाय?" मी म्हटलं, "बेडूक." तो म्हणाला, "खायाला?" मी म्हटलं, "शिकवायला." त्यानं जरा विचार केला आणि पोतं ड्रायव्हरच्या पाठीमागं ठेवायला लावलं, माझ्यापासून लांब. त्याला कशाचा संशय आला होता कुणास ठाऊक. आमच्या घरीसुद्धा माझी बायको पाहुण्यांना सांगायची, "त्यास्नी लॅबमध्ये काम असतंय," आणि लगेच चहाला उठायची.

आम्ही बौद्ध. गडमुडशिंगीच्या घरी आबा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी पंचशील म्हणायचे. त्यातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. त्यांच्या मागोमाग ते म्हणून मी सायकल काढायचो आणि कॉलेजात येऊन बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचो. नोकरी लागल्यावर आबांना कामाचं स्वरूप सांगायला मला आठ दिवस लागले. सांगितलं तेव्हा ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. बराच वेळ मळतच राहिले. मग म्हणाले, "पोरं शिकत्यात न्हवं त्यावर? मग कर. पर घाई करू नगंस. आदी दोन बोटं टेकव, दोन श्वास थांब, मनात माफी माग, मग हत्यार उचल. येवडा तरी मान ठेव त्या जिवाचा."

त्या दिवसापासून मी तसंच करत आलो. उजव्या हाताची दोन बोटं ट्रेच्या कडेला टेकवायची, दोन श्वास थांबायचं, मग कात्री. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विज्ञानाच्या खोलीत असलं काही केलेलं लोकांना दिसलं तर हसतील, ही भीती. त्यामुळं ट्रे सारखा करतोय असं दाखवत मी ते उरकायचो.

आमच्या विभागात इनामदार मॅडम होत्या. उंच, सडपातळ, कडक. त्यांच्या तासाला उशिरा आलेला पोरगा दारातून परत जायचा. पण हात असे की झुरळाच्या लाळग्रंथी, ज्या कोळ्याच्या जाळ्यापेक्षा नाजूक असतात, त्या अख्ख्या उचलून पाण्यात तरंगत ठेवायच्या. मी कात्री धरायला त्यांच्याकडून शिकलो. त्यांनी मला शिकवलं असं नाही, त्या करायच्या आणि मी शेजारी पाणी ओतत बघायचो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कबनूरची त्रिशला मगदूम नावाची मुलगी वर्गात होती. घर जैन, शेतीही आणि चार यंत्रमागही. लेखी परीक्षेत पहिली, पण प्रात्यक्षिकाला भिंतीला पाठ लावून उभी. पहिले तीन आठवडे मॅडमनी सोडून दिलं. चौथ्या आठवड्याला म्हणाल्या, "मगदूम, कात्री उचलणार नसाल तर विषय बदला." पोरगी बेसिनपाशी जाऊन उगीच हात धूत बसली. मी बरण्या धुवायला तिथंच होतो.

ती म्हणाली, "मामा, तुमच्यात बी शील असतंय न्हवं? मग तुमास्नी कसं जमतंय?"

कॉलेजात आम्हा परिचरांना सगळे मामाच म्हणतात. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, घरच्यांनीही नाही. मी तिला ट्रेपाशी नेलं आणि आबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दोन बोटं कशी टेकवायची ते दाखवलं. तिनं टेकवली. दोन कसले, दहा-बारा श्वास थांबली. मग बेडूक उघडला, रडत रडत उघडला, पण एक नस तुटू दिली नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मॅडमनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

पुढं बरीच वर्षं गेली. आमच्या संस्थेनं तालुक्यांच्या गावी सहा छोटी कॉलेजं काढली आणि तिथं विज्ञान सुरू केलं. इमारत होती, फलक होता, प्रयोगशाळेत मात्र एका ट्रेभोवती चाळीस पोरं. पुढच्या चौघांना गांडूळ दिसायचं, बाकीच्यांना पुढच्यांच्या माना. मॅडमच्या मनानं घेतलं की विच्छेदनाच्या चित्रफिती करायच्या, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोरालाही नस दिसेल आणि उगीच मारले जाणारे जीवही कमी होतील. आधी बाजारात तयार मिळणाऱ्या चित्रफितींच्या सीड्या पाठवल्या. दोन महिन्यांत त्यांवर चरे पडले, आणि एक तर कुणाच्या तरी भुईमुगात पाखरं हाकलायला टांगलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

मग संगणक विभागातल्या शिंदे सरांनी स्ट्रीमिंग सुचवलं. मला ते कळायला वेळ लागला, पण कळलं ते उसाच्या भाषेत कळलं. अख्खी चित्रफीत पाठवणं म्हणजे पाटानं पाणी सोडणं, तिकडची बारीक लाइन दिवसभर तुंबून राहणार. स्ट्रीमिंग म्हणजे ठिबक. चित्रफीत आमच्याच सर्व्हरवर राहणार, तिकडं कुणी बटण दाबलं की थेंबाथेंबानं जाणार, आणि एक थेंब बघून होतोय तोवर मागचा पोचणार. नळी तुंबली की चित्र थांबायचं. मग तिकडच्या परिचराचा फोन, "मामा, तुमचं गांडूळ अर्ध्यातच आडून बसलंय." मी म्हणायचो, "बसू दे, दमलं असंल." कुठल्या तालुक्यात कुठल्या वेळी वीज असते त्याचा तक्ता मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. भारनियमन सांभाळून झुरळ दाखवायचं, म्हणजे काही गंमत नव्हती.

कॅमेरा ट्रेच्या बरोबर वर टांगायला उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी स्टँड करून घेतला. पहिल्या दिवशी शिंदे सर कॅमेरा लावून बाहेर गेले. मॅडमनी चिमटा उचलला. समोर छोट्या टीव्हीवर सगळं दहापट मोठं दिसत होतं. चिमट्याचं टोक झुरळाच्या मानेपाशी आलं आणि पडद्यावर थडाथडा हलायला लागलं. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते कॅमेऱ्यानं दाखवलं. मॅडमनी चिमटा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतःच्या हातानं भिंगावर झाकण लावलं.

"दीड वर्षापासून आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार."

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या पुढं म्हणाल्या, "संस्थेला कळलं तर हे काम बंद पडेल. ज्यांना हा नसता खर्च वाटतो त्यांना निमित्तच हवंय. कांबळे, हात तुमचे आणि आवाज माझा, असं चालेल? तुमचं नाव मात्र घालता येणार नाही. घातलं की पहिला प्रश्न येईल, बाईंचे हात कुठं गेले."

मी हो म्हटलं. वाईट वाटलं का, तर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यापेक्षा जास्त वाईट त्या झाकण लावणाऱ्या हाताचं वाटलं. माझे हात लहान आणि मॅडमचे लांब, तरी रबरी मोजे चढवल्यावर पडद्यावर कोण ओळखतंय. वर्षभरात अकरा चित्रफिती झाल्या. मॅडम शेजारी बसून बोलायच्या, "आता त्वचा उचला, कात्रीचं टोक वर ठेवा," आणि मी ऐकून तसं करायचो. खरं म्हणजे कधीकधी मी आधी करायचो आणि त्या मागून सांगायच्या. शिंदे सरांना दुसऱ्याच दिवशी सगळं कळलं होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. भला माणूस.

एकदा शिंदे सरांबरोबर डोंगराकडच्या कॉलेजात जोडणी करून द्यायला गेलो होतो. चित्रफीत सुरू झाली. तिथले सर पोरांना म्हणाले, "मॅडमचा हात बघा, दगडासारखा स्थिर." मी मागं वायर धरून उभा होतो. छाती भरून आली आणि त्याच वेळी कुठंतरी दुखलंही. येताना गाडीत शिंदे सरांनी तो विषय न काढता मला भेळ घेऊन दिली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्याच डोंगराकडच्या कॉलेजात वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक म्हणजे आमची त्रिशला. आता दुसरीकडं प्राध्यापक झालेली, चष्मा लागलेला. परीक्षा संपवून ती सरळ आमच्या विभागात आली. हातात जर्नलांचा गठ्ठा, म्हणजे पोरांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या.

"मामा, पयली पायरी वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. नीट अक्षरात लिहिलं होतं, 'ट्रेच्या कडेला दोन बोटे टेकवून दोन श्वास थांबावे.' दुसरी वही उघडली, तेच. सोळा वह्या, सोळाही तशाच.

इतकी वर्षं जे मी सगळ्यांपासून लपवलं ते प्रत्येक चित्रफितीच्या सुरुवातीला होतं. हाताची सवय, करताना मला कळतही नव्हतं. पोरांना वाटलं की तीही कृतीच. मॅडमच्या चित्रफितीत आहे म्हणजे असणारच काहीतरी.

"परीक्षेत सोळाच्या सोळा जणांनी बोटं टेकवली," त्रिशला सांगत होती. "मी इचारलं, हे कशाला? एक म्हणतोय, ट्रे हलतोय का बघायला. दुसरा म्हणतोय, मेण कडक झालंय का बघायला. एक पोरगी म्हणाली, मॅडम, म्हाईत न्हाई, पर थांबलं की हात कापत न्हाई." तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला. "माझ्याबरोबरचे दुसरे परीक्षक म्हणत्यात, ही न समजता केलेली नक्कल हाय. सगळ्यांचे मार्क कापा आणि अहवालात लिहा की व्हिडिओ चुकीचं शिकवतोय. उद्या दुपारी इथंच प्राचार्यांसमोर सही करायची हाय."

तसा अहवाल गेला असता तर सोळा पोरांचं वर्ष अडचणीत येणार होतं आणि चित्रफिती कायमच्या बंद होणार होत्या. मी म्हटलं, "मॅडमची काहीतरी पद्धत असंल. मला काय म्हाईत."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. "मॅडमनी असं केलेलं मी कदी बघितलं न्हाई. मी एकाच माणसाला बघितलंय. त्या माणसानं दाखवलं नसतं तर मी आज मागाच्या खात्यात कांड्या भरत बसलो असतो." आमच्याकडच्या मुली घरच्या माणसाशी बोलताना अशाच 'बसलो' म्हणतात. इतकी शिकली तरी माझ्याशी ती तसंच बोलली, आणि मला पुढं खोटं बोलवेना.

"उद्या सकाळपातूर थांब," मी म्हटलं.

संध्याकाळी राजारामपुरीत मॅडमच्या घरी गेलो. दारातच सांगून टाकलं, चूक माझी आहे, माझ्या सवयीमुळं तुमचं सगळं काम बुडायला आलंय. त्यांनी आत बसवलं. सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटलं होतं तशा त्या चिडल्या नाहीत.

"शिंद्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सुरुवातीची चार सेकंदं कापू का," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू दे."

मी विचारलं, का.

"वीस वर्षं मी तुमची ती दोन बोटं बघतेय, कांबळे. त्या मुलीला शिकवलीत तेही बघितलं होतं. कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही लाजून बंद केलं असतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "नाव घालता येत नव्हतं. निदान तेवढं तरी तुमचं राहावं, असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत त्रिशला, ते दुसरे परीक्षक आणि मॅडम बसल्या. मला मॅडमनी मुद्दाम बोलावून घेतलं, आणि मी नेहमीसारखा दाराशी उभा राहिलो तर म्हणाल्या, "खुर्ची घ्या." एरवी हल्ली त्या हात पदराखाली ठेवायच्या. त्या दिवशी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि हलू दिले. टेबलावरच्या पेल्यावरचं झाकण किणकिणायला लागलं. कुणालाच कुठं बघावं ते कळेना.

"हे माझे हात," मॅडम म्हणाल्या. "यांनी आता विच्छेदन होत नाही. चित्रफितीत दिसतात ते हात यांचे आहेत, यशवंत कांबळे यांचे. मी ते लपवलं, ती चूक माझी. मुलांची काही चूक नाही. समोर मेलेल्या जिवासाठी दोन श्वास थांबायचं, ही पहिली पायरी बरोबर आहे. पुस्तकात नसेल तर पुस्तकात घालायला हवी."

दुसरे परीक्षक तसे वाईट नव्हते. त्यांनी घसा साफ केला, एक जर्नल पुढं ओढलं, पहिली पायरी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "लिहिलंय तर नीट." त्रिशलानं अहवालावर सही केली. मार्क कुणाचेच कापले नाहीत. प्राचार्यांनी विचारलं की आता पुढं काय. मॅडम म्हणाल्या, "सुरुवात तेवढी पुन्हा चित्रित करायची आहे."

निवृत्तीच्या आधी ते त्यांनी करून घेतलं. मेणाच्या ट्रेमध्ये पाणी भरलेलं. आधी चौकटीत मॅडमचा उघडा हात येतो, बिनमोज्याचा, थरथरणारा. दोन बोटं कडेला टेकतात आणि पाण्यावर बारीक लाटा उठतात. त्यांचा आवाज येतो, "पहिली पायरी. हा जीव आपल्या शिकण्यासाठी गेलाय. थांबा. यापुढचे हात श्री. यशवंत कांबळे यांचे." मग तो हात बाहेर जातो आणि माझे येतात. त्या वेळी मीही मोजे घातले नाहीत. आबा तेव्हा नव्हते. असते तर सहाही कॉलेजांत नेऊन त्यांना दाखवलं असतं.

त्यांच्या निवृत्तीनंतर दर रविवारी मी मॅडमकडं जायचो. त्यांना कप धरता येत नव्हता, मी बशी धरायचो. पुढच्या वर्षीच्या परीक्षेनंतर त्रिशलाचा मला फोन आला. जे तिनं सांगितलं ते मॅडमना सांगावं की नाही याचा मी दोन रविवार विचार केला. तिसऱ्या रविवारी सांगितलं.

"मॅडम, एका पोरानं परीक्षेत दोन बोटं टेकवली आणि नुसती थरथरवायला लागला. त्रिशला म्हणाली, घाबरू नको बाळ. तर म्हणतोय, घाबरलो न्हाई मॅडम, स्टेपच तशी हाय, व्हिडिओत बघा की."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, सांगायला नको होतं. मग त्या हसायला लागल्या. त्या कडक बाईला मी इतक्या वर्षांत तसं हसताना बघितलं नव्हतं. चहा बशीतून माझ्या धोतरावर सांडला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना.

"मार्क किती दिले त्याला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पैकीच्या पैकी."

"बरोबर," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून तसाच मांडीवर ठेवला. त्यांचा हात टेबलावरून हळूहळू सरकत माझ्या हातापाशी आला. थरथरणारी दोन बोटं त्यांनी माझ्या हातावर टेकवली आणि त्या थांबल्या. एक श्वास. दोन श्वास. मी हात हलवला नाही.